क्रेडिटकाकांची चाल

क्रेडिटकाकांना एखादं गाणं नुसतं वाजवता येत नसे. ते गाणं कुणाचं, चाल कुणाची, ती आपण कुणाकडून घेतली आणि त्या माणसाने कुणाकडून उचलली, हे सगळं सांगून झाल्याशिवाय त्यांची बोटं पेटीवर पडायचीच नाहीत. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती तेव्हा एका शाळेच्या कॅफेटेरियात बसायचा. पोरं भुकेने कुरकुरतायत, फॉइलखाली बटाट्याची भाजी गार होतेय, आणि काका एका हाताने पेटीचा भाता धरून खणखणीत आवाजात सांगतायत, "ही आपली नेहमीची चाल नव्हे बरं का. ही कराडच्या आमच्या आळीतल्या दत्तूमास्तरांची. मास्तरांनी ती आपल्या मामेबहिणीकडून घेतली. बाई आता हयात नाहीत." मागून कुणीतरी ओरडायचं, "काका, बाप्पाला भूक लागलीय!" काका मान डोलवायचे आणि मामेबहिणीचं गाव कोणतं ते सांगून मगच सुरू करायचे.

हे गाण्यापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पॉटलकला चिवड्याचा डबा उघडला की झाकण हातात धरून, "रेसिपी कुलकर्णीवहिनींची. शेंगदाणे तेवढे आमचे." विनोद सांगितला की लोक हसायच्या आत, "हा माझा नाही हं, आमच्या ऑफिसातल्या रॉबर्टचा." विमानांच्या कंपनीत इंजिनियर होते. तिथे एकदा त्यांना कसलंसं बक्षीस मिळालं, तेव्हा आभाराच्या भाषणात त्यांनी इतक्या जणांची नावं घेतली की शेवटी साहेबाने टाळ्या वाजवायला सुरुवात करून त्यांना खाली बसवलं. हे रॉबर्टनेच आम्हाला सांगितलं. काकांनी सांगितलं असतं तर ती सगळी नावं पुन्हा ऐकावी लागली असती.

नाव त्यांना पोरांनी दिलं. इथे वाढलेल्या आमच्या पोरांपैकी कुणीतरी कंटाळून म्हणालं, "काका इज लाइक द क्रेडिट्स ॲट द एंड ऑफ अ मूव्ही," आणि तेव्हापासून पुरुषोत्तम फाटकांचे क्रेडिटकाका झाले. मी मूळची नागपूरची, मनात काही ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. मी तोंडावरच म्हटलं होतं, "काका, उद्या तुम्हाला शिंक आली तरी सर्दी कुणाची ते सांगाल." ते म्हणाले, "सांगणारच. ही तुझ्या नवऱ्याची आहे." आणि खरंच शिंकले. असा माणूस. त्यांच्यावर रागावताही यायचं नाही.

त्यांच्या बायकोचं, विमलकाकूंचं, याच्या अगदी उलट. तोंडातून शब्द निघेल तर शपथ. मी एक्क्याऐंशी साली लग्न होऊन बेलव्ह्यूला आले तेव्हा मला इथलं ओ की ठो कळत नव्हतं. पावसात कोणते बूट घालायचे आणि फोनवर आपलं आडनाव कसं सांगायचं हे मला काकूंनी शिकवलं, तेही फारसं न बोलता. त्या ड्राइव्ह करत नसत. मी लायसन्स काढल्यावर दर शनिवारी सकाळी त्यांना दुकानात घेऊन जायचं काम आपणहून अंगावर घेतलं. माझं माहेरच झालं होतं ते घर. मूलबाळ नव्हतं त्यांना. कुणी विचारत नसे आणि ते सांगत नसत.

काकू गात नसत. भजनाला नुसत्या टाळ्या वाजवायच्या. मला वाटायचं, गळा नसेल. पण एकदा त्यांच्या शेजारी बसले होते, समोर गाणाऱ्या बाईंचा सूर जरा उतरला आणि काकूंची भुवई अशी काही हलली की मी बघतच राहिले. काकाही लगेच पेटीवरून त्यांच्याकडे बघायचे. एखादी जागा बरोबर पडली की नाही हे त्यांना त्या भुवईवरूनच समजायचं. गंमत वाटायची मला. म्हटलं, काय जोडा आहे! एक सगळं सांगतो आणि एक काहीच सांगत नाही.

मग माझ्या लेकीचं बारसं आलं. अपार्टमेंटच्या क्लबहाऊसमध्ये केलं. पाळणा कुठला मिळायला! चाकांच्या बॅसिनेटला, म्हणजे बाळाच्या टोपलीला, झेंडूची कागदी फुलं बांधली आणि त्यालाच पाळणा म्हटलं. बायका भोवती उभ्या राहिल्या. मी काकांना म्हटलं, "काका, पेटी घ्या. पाळणा म्हणायचाय." काका म्हणाले, "पाळणा मी वाजवत नाही." मला आधी ती थट्टाच वाटली. म्हटलं, "अहो, ख्रिसमसची गाणीसुद्धा वाजवता, माझ्या पोरीचा पाळणा तेवढा नको?" काकांचा चेहरा एकदम पडला. आणि काकू, ज्यांनी सकाळपासून उभं राहून नारळीभात केला होता, त्या कोट न घालता दार उघडून बाहेर पार्किंग लॉटमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर पाऊस भुरभुरत होता. आम्ही पेटीशिवायच पाळणा म्हटला. खूप लागलं मला ते.

दोन दिवसांनी काका एकटेच घरी आले. बाळाला स्वेटर आणला होता. "विणलाय काकूंनी, लोकर मी आणली," हे सांगून झालं. मग बाळाकडे बघत बसले, आणि मी चहा ठेवायच्या आतच म्हणाले, "शोभा, आम्हाला एक मुलगी होती."

काका चौसष्ट साली इथे शिकायला आले. विमलकाकू आणि सहा महिन्यांची चिमी कराडला राहिल्या. तिकिटाचीच मारामार, तिघांचं कुठून जमणार? चिमीला झोपवायला काकूंनी एक पाळणा बांधला होता. शब्द साधेच, कुणीही जोडावेत असे, पण चाल मात्र काकूंची स्वतःची. कुठल्या गाण्यावरून घेतलेली नव्हती. निघण्याआधी काका रोज संध्याकाळी शेजारच्या खोलीत पेटी काढून त्या चालीच्या मागे मागे जायचे. काकू आतून ओरडायच्या, "अहो, झोपतेय ती!" हे सांगताना काकांना हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले.

इथे ते एका घराच्या तळघरात भाड्याने राहत होते. मालकिणीच्या मुलाचा, डॅनीचा, बँड होता. त्या काळी या भागात घरोघर असे बँड होते. गाडी बाहेर पावसात आणि पोरं गराजमध्ये. तारा तुटेपर्यंत गिटार बडवायचे, घसा फाटेपर्यंत ओरडायचे. गाणीही एकमेकांची उचललेली. "कुणीही कुणाची चाल घ्यायचं," काका म्हणाले, "शब्द बदलायचं आणि रेकॉर्डवर स्वतःचं नाव घालायचं. चोरी करतोय असं कुणाच्या मनातही नसायचं. विचारायची रीतच नव्हती." पोरांनी एक रेकॉर्ड काढायचं ठरवलं, स्टुडिओ ठरला, आणि नेमकं ऑर्गन वाजवणाऱ्या पोराला गालगुंड झालं. डॅनी तळघरात आला. तळघरातला भाडेकरू पेटी वाजवतो हे त्याला जिन्यातून ऐकू यायचं. टाय लावून कॉलेजला जाणाऱ्या काकांना तो प्रोफेसर म्हणायचा. "प्रोफेसर, तू चल. मध्ये थोडी जागा आहे. काहीही वाजव."

काहीही वाजव म्हटल्यावर काकांच्या बोटांत जे होतं ते आलं. चिमीचा पाळणा. मागे ड्रम, गिटार, डॅनीची आरडाओरड, आणि मधेच विमलकाकूंची चाल. पोरं खूश झाली. रेकॉर्ड निघाली, गावातल्या रेडिओवर काही दिवस वाजली. तिच्यावर गाणं, चाल, सगळं डॅनीच्या नावावर होतं, ऑर्गन कुणी वाजवला याचा उल्लेखच नव्हता. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट कोण आनंद! आपल्या बायकोची चाल अमेरिकेच्या रेडिओवर! त्यांनी एक रेकॉर्ड गुंडाळली आणि जहाजाच्या टपालाने कराडला पाठवून दिली. आत चिठ्ठी ठेवली, "ओळख पाहू काय आहे."

पार्सल समुद्रात असताना कराडहून पत्र आलं. चिमी तापाने गेली होती.

"मला एअरमेलने लिहिता आलं असतं," काका म्हणाले. "पार्सल उघडू नकोस, एवढंच लिहायचं होतं. मी रोज कागद घेऊन बसायचो. काय लिहू? वाटायचं, जहाज बुडेल. वाटायचं, कस्टमवाले ठेवून घेतील. माणूस कशाकशाची आशा करतो बघ." जहाज बुडालं नाही. दिवाळीच्या सुमाराला पार्सल पोचलं. घरात रेकॉर्ड प्लेयर नव्हता, म्हणून काकू सासऱ्यांबरोबर डॉक्टरांच्या घरी गेल्या. अमेरिकन रेकॉर्डचं मधलं भोक मोठं असतं, ती खुंटीवर बसेना. डॉक्टरांच्या कंपाउंडरने पुठ्ठा कापून बसवली. रेकॉर्ड डुगडुगत फिरली आणि त्या पोरांच्या किंचाळण्यातून काकूंनी आपल्या मेलेल्या लेकीचा पाळणा ऐकला. हे सगळं काकांना त्यांच्या वडिलांच्या पत्रातून समजलं. काकूंनी त्याबद्दल कधी लिहिलं नाही. दोन वर्षांनी त्या इथे आल्या, तेव्हा काका विमानतळावर बोलणी खायच्या तयारीने उभे होते. काकू म्हणाल्या, "वाळलात." त्यानंतर वीस वर्षांत दोघांनी त्या रेकॉर्डचा विषय काढला नाही, आणि काकू गायल्या नाहीत.

"सगळे मला हसतात," काका उठता उठता म्हणाले, "मी सारखी नावं घेतो म्हणून. हसू देत. एकदा न विचारता घेतलं, आता विचारल्याशिवाय मीठसुद्धा घेत नाही." ते गेल्यावर मी बाळाला छातीशी धरून ओक्साबोक्शी रडले. मी हे कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

यानंतर वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एका शनिवारी मी काकूंना न्यायला गेले तर दारात एक अनोळखी बुटांची जोडी. आत केव्हिन नावाचा लांब केसांचा तरुण बसला होता. भारी अदबशीर पोरगा, दारातले जोडे पाहून स्वतःचेही आपणहून काढलेले. रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा. इकडच्या त्या जुन्या गराज बँडची विसरली गेलेली गाणी गोळा करून त्याला आणि त्याच्या मित्राला एक मोठी रेकॉर्ड काढायची होती. डॅनीच्या बँडचं गाणं त्यात होतं. काकांचा पत्ता त्याला मालकिणीकडून मिळाला. काका तिला अजून दर ख्रिसमसला कार्ड पाठवत होते.

"या ऑर्गनवरून जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्या आमच्या मंडळींची वर्षानुवर्षं भांडणं चाललीत," केव्हिन सांगत होता. "हा कोण? आणि फक्त उजवा हातच का वाजतोय? डावा हात कुठेय? काही जण म्हणतात, वाजवणारा एका हाताचा होता." काका इतके हसले की सोफ्यावर मागे रेलले. मग त्यांनी कोपऱ्यातून पेटी ओढून त्याला दाखवलं. उजवा हात पट्ट्यांवर, डावा मागे भात्यावर. "माय लेफ्ट हँड ओन्ली नोज हाऊ टु गिव्ह एअर," काका म्हणाले. "तुमच्या विजेच्या ऑर्गनला हवा लागत नाही. मग या हाताने करायचं काय? तो बिचारा मांडीवर बसून राहिला." केव्हिन पेटीकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत अक्षरशः पाणी आलं होतं. म्हणाला, इतकी वर्षं हे नाव कुठेच आलं नाही, आता तरी बरोबर छापू या. चाल तुमचीच ना?

"नाही," काका म्हणाले.

"मग कुणाची?"

आत काकू पोळ्या लाटत होत्या. लाटण्याचा आवाज थांबला. काकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि केव्हिनला म्हणाले, "पुढच्या शनिवारी फोन कर. तेव्हा सांगतो." केव्हिन त्या गाण्याची कॅसेट ठेवून गेला. दारापर्यंत मला पोचवायला आले तेव्हा काका हळूच म्हणाले, "नाव तिचंच जायला हवं शोभा. पण तिला विचारल्याशिवाय नाही. आणि विचारायला मला तोंड कुठाय?" मी म्हटलं, "काका, विचारा हो. वीस वर्षं झाली." ते म्हणाले, "म्हणून तर." दुकानात त्या दिवशी काकूंनी एकही शब्द न बोलता सगळी भाजी घेतली, आणि मला विचारायची हिंमत झाली नाही. मला, नागपूरच्या मला!

आठवडाभर ती कॅसेट फ्रिजवर पडून होती. मंगळवारी मी दही मागायला गेले तेव्हा पाहिली. फ्रिजवरची धूळ पुसलेली होती, फक्त कॅसेटच्या भोवतीची तेवढी तशीच होती.

शनिवारी मी गेले तेव्हा काकू कोट घालून, पर्स खांद्याला लावून तयार उभ्या होत्या. काका टेबलापाशी पेपर उघडून बसले होते, वाचत नव्हते हे उघड होतं. मी म्हटलं, "चला काकू." काकू म्हणाल्या, "थांब जरा." त्यांनी कॅसेट काढली, टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि बटण दाबलं. काका उभे राहिले. "अगं विमल, मी तुला विचारणारच होतो..." काकूंनी नुसता हात वर केला.

ड्रम सुरू झाले. डॅनी ओरडायला लागला. आणि मग ऑर्गन आला, बारीक, एका हाताचा. इतकी साधी चाल! त्या दणदणाटात ती अशी येत होती की जणू कुणीतरी दुसऱ्याच घरात गातंय. काकू ताठ उभ्या होत्या. ऑर्गन संपला, पुन्हा ओरडणं सुरू झालं, काकूंनी टेप थांबवली. मागे नेली. पुन्हा लावली. मला वाटलं आता या कोसळणार, मी खुर्ची पुढे केली. आणि काकूंची ती भुवई हलली.

"असं नव्हतं," काकू म्हणाल्या.

"काय?" काका.

"तिसरी ओळ. तुम्ही वर नेलीत. ती वर नव्हती जात."

काका गोंधळून बघत राहिले. बायको रडेल, चिडेल, वीस वर्षांचं साठलेलं तोंडावर फेकेल, सगळ्याची त्यांनी तयारी केली असणार. चाल चुकली हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. "वर नव्हती? मग कशी होती गं?"

काकू गुणगुणायला लागल्या. वीस वर्षांनी उघडलेला आवाज, जरा घोगरा, पण काय सूर होता! पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला त्या थांबल्या. पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. तिसरी ओळ आली आणि टेपमधल्यासारखी वर गेली. "नाही, नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा ती वरच गेली.

काकांनी पेटी ओढली आणि जमिनीवरच मांडी घातली. "थांब, तू घाबरू नकोस. आपण शोधू. दुसरी ओळ इथे संपते ना? मग इथून अशी?" त्यांनी वाजवून दाखवलं. "नाही." "अशी?" "नाही." "मग गंधारावर थोडी थांबून खाली?" "अहो नाही, असं नव्हतंच." काकू कोट घातलेल्याच त्यांच्याजवळ खाली बसल्या. काका वाजवायचे, त्या मान हलवायच्या. चुकीचं काय ते त्यांना प्रत्येक वेळी क्षणात समजत होतं. बरोबर काय, ते मात्र सापडत नव्हतं. जपायची म्हणून जी चाल त्यांनी इतकी वर्षं ओठांवर येऊ दिली नव्हती, ती आतल्या आत कधी निघून गेली होती कोण जाणे. आणि जगात जी एकच उरली होती ती ही, चुकलेली. मी भिंतीला टेकून उभी होते. देवा, वाटलं, ही कॅसेट आलीच नसती तर बरं झालं असतं. निदान आपल्याकडे ती आहे असं तरी त्यांना वाटत राहिलं असतं.

"राहू द्या," शेवटी काकू म्हणाल्या.

"अगं सापडेल, अजून..."

"राहू द्या हो. गेली ती."

तेवढ्यात फोन वाजला. केव्हिनच होता. काकांनी त्याला थांबायला सांगितलं, रिसीव्हर छातीशी धरला आणि काकूंना म्हणाले, "विमल, तुझं नाव सांगतो. विमल फाटक. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तू हो म्हण."

काकू जमिनीवरून उठल्या. पदर सारखा केला. "माझं नका सांगू," त्या म्हणाल्या. "ही माझी नाही. माझी अशी नव्हती. ही तुमची आहे. तुमचं नाव सांगा."

"असं बोलू नकोस गं."

"रागाने नाही म्हणत. वीस वर्षं मला वाटलं, तुम्ही माझी चाल त्या पोरांना देऊन टाकलीत. तुम्ही नव्हती दिलीत. तुम्हाला ती येतच नव्हती." आणि मग अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं, "जशी आठवली तशी तुम्ही तुमच्या लेकीसाठी वाजवलीत. तुमची आहे ती. सांगा त्याला."

आयुष्यभर ज्या माणसाने कुणाचं श्रेय स्वतःकडे ठेवलं नाही, त्याच्यावर ही वेळ यावी! काका नाही नाही म्हणून मान हलवत होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. पण काकू हलल्या नाहीत. रिसीव्हरमधून केव्हिनचं "हॅलो? हॅलो?" ऐकू येत होतं. काकांनी रिसीव्हर कानाला लावला. ऑफिसात सगळे त्यांना पॉल म्हणायचे, त्यालाही तेच सांगता आलं असतं. ते म्हणाले, "राइट इट डाऊन, केव्हिन. इट इज अ लाँग नेम." आणि एकेक अक्षर सांगायला लागले. "पी ॲज इन पीटर. यू ॲज इन अंकल. आर ॲज इन रॉबर्ट..." मधे थांबत होते, नाक ओढत होते, आणि पलीकडे तो पोरगा घाई न करता लिहून घेत होता. पुरुषोत्तम पुरं झालं, फाटक पुरं झालं. मग म्हणाले, "येस. ट्यून ऑल्सो."

रेकॉर्ड निघायला पुढचा हिवाळा उजाडला. काका त्याआधीच गेले, सप्टेंबरमध्ये, ऑफिसातून घरी येताना हार्ट ॲटॅकने. छापलेलं नाव त्यांनी पाहिलं नाही. केव्हिन रेकॉर्ड घेऊन घरी आला, जोडे काढून काकूंसमोर बसला आणि रडला. त्या वेळी काकूंनीच त्याला पाणी आणून दिलं.

पण मला आठवतो तो त्या शनिवारचा रस्ता. काकांनी फोन ठेवला, तोंड धुवायला गेले, आणि काकू मला म्हणाल्या, "चल, कोथिंबीर संपते मग." गाडीत बसल्या, पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली. मी वायपर चालू केले आणि निघाले. सिग्नलला थांबलो तेव्हा काकूंनी त्या दोन ओळी गुणगुणल्या. तिसरीच्या आधी थांबल्या. पुन्हा त्या दोनच गुणगुणल्या. मग माझ्याकडे वळून अगदी काळजीने विचारलं, "शोभा, पहिल्या दोन तरी बरोबर आहेत ना गं?"

मी म्हटलं, "हो काकू. अगदी बरोबर आहेत."

ती चाल मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली होती.